गव्हाणीतील काडी आणि शेजारचे ताट

मुलांस दया शिकवावी असे सर्वच धर्म सांगतात. ती कशी शिकवावी हे सांगण्याचे काम मात्र प्रत्येक समाजाने आपापल्या सणवारांवर आणि स्वयंपाकघरावर सोपविलेले दिसते. संक्रांतीच्या सायंकाळी नातवाच्या हाती तिळगुळाचा डबा देऊन त्यास आळीभर फिरावयास लावणारी आजी कोणताही उपदेश करीत नाही. ज्या घराशी वर्षभर अबोला होता त्या घराचीही पायरी त्या दिवशी चढावी लागते, एवढे ती नातवास आपोआप कळू देते. अशा रीतीने हातापायांवाटे मनात उतरलेला धडा पुस्तकी धड्यापेक्षा अधिक टिकाऊ असतो, याविषयी आमच्या वाचकांस दाखला देण्याची गरज नाही.

आमच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांतही नाताळच्या सुमारास मुलांकरिता अशाच दोन चाली पाळल्या जातात. एक गव्हाणीतील काडीची आणि दुसरी शेजारी पाठवावयाच्या ताटाची. पहिली घराच्या आत चालते, दुसरी उंबऱ्याबाहेर. या दोन चाली कोठून आल्या, आमच्या प्रांतात त्यांना कोणते रूप आले, आणि निगडीसारख्या अगदी नव्या वस्तीत आज त्यांची काय अवस्था आहे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

येशूचा जन्म गोठ्यात झाला, आणि धर्मशाळेत जागा न मिळाल्यामुळे मातेने त्यास गव्हाणीत निजविले, अशी लूकच्या शुभवर्तमानातील कथा आहे. ही कथा डोळ्यांनी पाहावयास मिळावी म्हणून असीसीचा संत फ्रान्सिस याने सन १२२३ च्या नाताळात इटलीतील ग्रेच्यो या डोंगरी गावी खरी गव्हाण मांडली, तीत गवत घातले आणि जवळ बैल व गाढव उभे केले. गावकरी मशाली घेऊन रात्री तेथे जमले. घरोघरी व देवळोदेवळी आज जे गोठ्याचे देखावे मांडले जातात, त्यांच्या प्रसारास या प्रसंगाने मोठी चालना मिळाली. राजवाड्यातील देवाऐवजी गुरांच्या चाऱ्यावर निजलेले उघडे मूल लोकांपुढे आले, आणि त्या मुलास थंडी वाजत असेल हा विचार लहान मुलांच्याही मनास सहज शिवला.

काडीची चाल याच विचारातून वाढलेली आहे. नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या काळास ख्रिस्ती लोक आगमनकाळ म्हणतात. त्या काळात कित्येक कॅथलिक कुटुंबांत एक रिकामी गव्हाण मांडून ठेवितात आणि शेजारी पेंढ्याची एक जुडी. घरातील मुलाने दिवसभरात एखादे चांगले कृत्य केले, म्हणजे धाकट्या भावास खेळणे दिले, आजोबांची काठी शोधून आणली, किंवा आलेला राग गिळला, तर त्याने रात्री निजण्यापूर्वी एक काडी गव्हाणीत घालावयाची. कोणते कृत्य केले हे कोणास सांगावयाचे नाही. नाताळच्या रात्री बाळ येशूची मूर्ती त्या गव्हाणीत ठेवितात; तोपर्यंत अंथरूण मऊ झाले की नाही, हे ज्याचे त्याला ठाऊक.

ही योजना फार चतुर आहे. दया हा शब्द लहान मुलास अंधुक वाटतो. काडी हाती धरता येते. शिवाय कृत्य गुप्त ठेवावयाचे असल्यामुळे शाबासकीची हाव आपोआप आवरली जाते. तथापि तिच्यात एक धोकाही आहे. काड्या मोजता येतात. जे मोजता येते त्याचा हिशेब ठेवण्याचा मोह होतो, आणि हिशेब ठेवणारा मनुष्य दुसऱ्याच्या गरजेकडे पाहता पाहता स्वतःच्या चांगुलपणाकडे पाहू लागतो. मुलास काडीबरोबर आणखी काहीतरी हवे, आणि ते आमच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या चालीत आढळते.

त्या चालीकडे वळण्यापूर्वी एक अप्रिय गोष्ट सांगणे इतिहासाच्या दृष्टीने प्राप्त आहे. सन १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवे घेतले, आणि सन १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर तेथे आला. तो हाती घंटा घेऊन रस्त्यांतून फिरे, मुले गोळा करी आणि त्यांस प्रार्थना शिकवी. घरात नवा धर्म न्यावयाचा तर तो मुलांच्या हातून न्यावा, हे त्याने अचूक ओळखले होते. परंतु दक्षिणेकडील मोत्यांच्या किनाऱ्यावर काम केल्यानंतर सन १५४४ च्या आरंभी लिहिलेल्या पत्रात तो मोठ्या समाधानाने असेही कळवितो की, तेथील मुले आपल्या आईबापांच्या मूर्तिपूजेची बातमी त्याला आणून देत आणि त्या मूर्ती स्वतःच्या हातांनी फोडून पायांखाली तुडवीत. मुलाच्या हाती काय द्यावयाचे हा प्रश्न किती गंभीर आहे, हे या एका पत्रावरून ध्यानात येते. हात तेच असतात. त्यांना फोडावयास लावता येते, त्यांना वाढावयासही लावता येते.

गोव्यात पुढे पहिल्या प्रकाराचा मागमूस मिटला आणि दुसरा रुजला, याचे श्रेय एका व्यक्तीस देता येणार नाही. तथापि फादर थॉमस स्टीफन्स याचे नाव येथे घेतले पाहिजे. या इंग्रज जेझुइटाचे ख्रिस्तपुराण सन १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे छापून निघाले. येशूच्या जन्माची कथा त्याने मराठी ओवीत सांगितली, आणि ती ओवी पिढ्यान्‌पिढ्या देवळांतून गाइली गेली. परक्या देशातील गोठा अशा रीतीने आमच्या भाषेत आला, आणि भाषेमागून बाकीचे घरगुती संस्कारही आले. गोव्याकडील व मंगळूरकडील ख्रिस्ती घरांतून नाताळच्या आधी मुले लहान भांड्यांत नाचणी किंवा भात पेरून कोवळे हिरवे अंकुर वाढवितात आणि ते गोठ्याभोवती मांडितात. ज्यांच्या घरी नवरात्रात घट बसतो त्यांस या रोपांची ओळख करून देण्याचे कारण नाही.

आता ताटाकडे वळू. पोर्तुगालात नाताळच्या पूर्वरात्रीच्या कौटुंबिक जेवणास ‘कोन्सुआद’ म्हणतात. हा शब्द सांत्वन या अर्थाच्या लॅटिन धातूपासून निघाला असे सामान्यतः मानितात. आणि त्या देशाच्या उत्तर भागात त्या रात्री घरातील मृतांच्या नावे पान मांडून ठेवण्याची जुनी रीत आहे. गोव्यात येताच या शब्दाचा अर्थ पालटला. जेवण घरातच राहिले, पण ‘कोन्सुआद’ हे नाव शेजाऱ्यांस पाठवावयाच्या गोडधोडाच्या ताटास मिळाले. त्या ताटात नेवऱ्या, दोदोल, कुलकुल, बिबिंका असे पदार्थ असतात. वर विणलेला स्वच्छ रुमाल घातलेला असतो. मंगळूरकडे गोव्याहून गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत अशाच जिनसांस ‘कुसवार’ म्हणतात. नारळ, गूळ, तांदूळ हे साहित्य आमचेच; नेवरी तर करंजीची सख्खी बहीण. आठवडाभर आधीपासून घरातील मुले कुलकुल वळावयास बसतात, काट्यावर किंवा फणीवर पिठाची लहान गोळी दाबून शिंपल्यासारखा आकार देतात, आणि शेवटी तेच ताट घेऊन दारोदार जातात. ज्याने स्वतः वळले तोच पोहोचवितो. म्हणून त्या देण्यात नोकराकरवी पाठविलेल्या नजराण्याचा कोरडेपणा नसतो.

या चालीतील सर्वांत मोलाचा भाग पुढेच आहे. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल, त्या घरी नाताळात गोड करीत नाहीत. अशा घरास शेजारी विसरत नाहीत. तेथे इतर घरांची ताटे येतात. दुःखी घराकडे मुलास ताट घेऊन पाठविणे ही साधी गोष्ट नव्हे. तेथे काय बोलावे हे मोठ्या माणसांसही सुचत नाही. मुलाने तर काहीच बोलावयाचे नसते. ताट पुढे करावयाचे आणि क्षणभर उभे राहावयाचे. सांत्वनाचा जो मूळ अर्थ त्या परभाषी शब्दात दडलेला होता, तो येथे कोणी व्युत्पत्ती न सांगताही जिवंत होतो. आमच्याकडेही ज्या घरी सुतक असते किंवा वर्ष झालेले नसते त्या घरी दिवाळीचा फराळ तळीत नाहीत, आणि आप्तेष्ट आपला डबा पाठवितात. दोन्ही समाजांस ही गोष्ट एकमेकांपासून शिकावी लागली, की ती माणसाच्या स्वभावातच होती, याचा निवाडा आम्ही करीत नाही.

ही शेजारधर्माची रीत राजसत्तेच्या कृपेवर वाढली असे कोणी समजू नये. गोव्यात सन १५६० पासून धर्मसमीक्षण सभेचा, म्हणजे इन्क्विझिशनचा, अंमल होता, आणि मध्यंतरीच्या अल्प खंडाखेरीज तो सन १८१२ पर्यंत टिकला. तिने सन १७३६ मध्ये काढलेल्या फर्मानात देशी ख्रिस्त्यांच्या विवाहविधींपासून खाण्यापिण्यापर्यंत आणि वेषापर्यंत अनेक जुन्या चाली निषिद्ध ठरविल्या. या सभेचा साधार इतिहास अ. का. प्रियोळकरांनी सन १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात सविस्तर दिला आहे. शेजाऱ्यापासून माणसास तोडण्याचा एवढा खटाटोप झाला असताही आज गोव्यात नाताळचे ताट हिंदूच्या घरी जाते आणि चतुर्थीचे व दिवाळीचे ताट ख्रिस्त्याच्या घरी येते. फर्माने दफ्तरांत राहिली. ताटे चालत राहिली.

देशावरील मराठी ख्रिस्त्यांची कथा याहून निराळी आहे. कोकणात व वसईत ख्रिस्ती वस्ती जुनी व घट्ट. सन १७३९ मध्ये चिमाजी अप्पाने वसई घेतल्यावरही ती तेथेच राहिली आणि मराठी बोलत राहिली. परंतु पुणे, नगर या बाजूंस एकोणिसाव्या शतकात जी कुटुंबे ख्रिस्ती झाली त्यांचे ताट घेणार कोण? सन १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानास गेलेल्या मंडळींपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हे त्या मंडळींत होते. नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून येताच शहरात ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि अखेर सन १८९२ मध्ये रानड्यांसारख्या पुरुषास प्रायश्चित्त घेणे भाग पडले. ख्रिस्त्याच्या हातच्या एका पेल्याची ही किंमत! अशा शहरात ख्रिस्ती घरातील आई आपल्या मुलाच्या हाती करंज्यांचे ताट देऊन त्यास शेजारच्या वाड्यात पाठविण्यास धजावली असती का?

या कोंडीची दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचावयास मिळते. नारायण वामन टिळकांनी सन १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढे पतीकडे नांदावयास आल्या तेव्हा प्रथम सोवळे सांभाळून वेगळे शिजवीत. विचारांती ते बंधन त्यांनी स्वतःच सोडले, आणि सन १९०० मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. पुढे त्यांचे घर निराधार मुलामुलींचे माहेर बनले. पंगतीला कोण बसणार आणि कोण नाही, या प्रश्नाशी झगडून मिळविलेले औदार्य किती खोल असते, हे त्या आत्मचरित्राच्या वाचकांस ठाऊक आहे. दुसऱ्याच्या हातचे घेणे ही देण्याहून अवघड दया आहे, आणि आमच्या समाजाला ती शिकावयास फार काळ लागला.

त्याच काळी देशावरच्या नाताळास आणखी एक वळण लागले. सन १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत हजारो मुले उघडी पडली, आणि त्यांतील पुष्कळ मिशनांच्या आश्रयास आली. केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदनात शेकडो मुली सांभाळिल्या. अशा आश्रमांतून व मिशनच्या शाळांतून नाताळ म्हणजे भेटी मिळण्याचा दिवस झाला. कपडे, बाहुल्या, चित्रे परदेशातून पेट्या भरून येत. त्या देणगीने कित्येक थंड हाडांस ऊब मिळाली, आणि तिला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. पण वरून आलेल्या देणगीने घेणाऱ्या मुलास फक्त घ्यावयास शिकविले, हेही खरे. ज्याच्याजवळ द्यावयास काही नाही असे मूल नसते. त्यास देण्याची संधी मिळाली नाही इतकेच. पुढे स्वतःची चूल पेटल्यावर देशावरील ख्रिस्ती घरांतून नाताळास करंज्या, शंकरपाळी, चकल्या आणि लाडू होऊ लागले, आणि ते शेजारी वाटले जाऊ लागले, तेव्हाच तो सण पुरता त्यांचा झाला.

देणे आणि घेणे यांचा हा मेळ इतर देशांतील लेखकांसही उमगला होता. अमेरिकेतील लुइसा मे ऑल्कॉट हिच्या सन १८६८ च्या सुप्रसिद्ध कादंबरीत, जी शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’मुळे आमच्याकडे घरोघरी पोहोचली, आरंभीच नाताळची सकाळ येते. चार बहिणी आपली न्याहारी उचलून एका गरीब, उपाशी कुटुंबास नेऊन देतात; आणि सायंकाळी शेजारचे वृद्ध गृहस्थ त्यांच्याकडे मेजवानी पाठवितात. आमच्या आजीने हा प्रसंग वाचला असता तर तिला नवल वाटले नसते. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत पाठवू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हा तर आमच्या प्रत्येक स्वयंपाकघराचा नियम. त्या साखरेत उपकाराची फेड नसते. ‘आपण दोघे बरोबरीचे आहो’ एवढेच ती सांगते. भीक घातलेले भांडे साखर घेऊन परतत नाही.

आता निगडीकडे येऊ. जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावरील हे एके काळचे खेडे. सन १९५४ मध्ये पिंपरीस प्रतिजैविकांचा सरकारी कारखाना निघाला, त्यामागून आकुर्डी-चिंचवडच्या परिसरात वाहनांचे मोठे कारखाने आले, सन १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. आणि सन १९७२ मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने निगडीच्या माळावर पेठा आखून घरे बांधली. प्राधिकरणातील बंगले, यमुनानगरातील वसाहती आणि ओटा स्कीममधील चिंचोळ्या घरांच्या रांगा अशी ही वस्ती आहे. कारखान्यांनी जशी विदर्भ-मराठवाड्याची माणसे ओढून आणिली, तशीच गोव्याची, नगरची, मंगळूरची आणि केरळाचीही. म्हणजे ज्या चालींचा इतिहास आम्ही वर वेगवेगळा सांगितला, त्या येथे एकाच जिन्यावर शेजारी शेजारी आल्या. एका घरी कुलकुल, दुसऱ्या घरी चकली. गव्हाणीतील बाळ मात्र एकच.

या गावास देण्याघेण्याचा वारसा नव्याने शिकावयास नको. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या मुक्कामास जाताना निगडीवरूनच जाते. भक्ति-शक्ती शिल्पाजवळ तिचे स्वागत होते, आणि वारकऱ्यांस पाणी व फळे देण्यासाठी रस्त्याच्या कडेने लोक उभे असतात. आषाढी वारीच्या वेळी वारकऱ्याच्या हाती केळे ठेवणारे मूल आणि डिसेंबरात शेजाऱ्याच्या दारी ताट नेणारे मूल ही एकाच शाळेतील मुले होत.

परंतु ही शाळा आज ओस पडण्याची भीती आहे, आणि तिचे कारण आता ग्रामण्य नव्हे. कोणी कोणाच्या हातचे खात नाही असे फारसे उरले नाही. कोणी कोणाचे दार ठोठावीत नाही, ही नवी अडचण आहे. आईबाप दोघेही नोकरीस जातात, पाळ्या बदलतात, कुलकुल वळावयास आठवडा कोणाकडे आहे? दुकानातील तयार खोका येतो, फाटकावरचा रखवालदार तो ठेवून घेतो, आणि दूरध्वनीवर आभाराचा संदेश जातो. पदार्थ पोहोचतो, मूल पोहोचत नाही. मग तिसऱ्या मजल्यावरचा गृहस्थ रात्रपाळीहून येऊन निजलेला असतो म्हणून घंटा न वाजविता हळूच कडी वाजवावी, पलीकडच्या घरी यंदा मृत्यू झाला आहे म्हणून तेथे हसत खिदळत जाऊ नये, हे त्यास कोणत्या पुस्तकातून कळणार? ज्या घराचे दार मुलाने कधी आतून पाहिले नाही, त्या घराविषयी उद्या कोणी काहीही कानात सांगितले तरी ते त्यास खरे वाटेल. ताटाच्या या लहानशा चालीवर किती मोठी गोष्ट टांगलेली आहे, हे येथे लक्षात येईल.

यावर असा आक्षेप निघेल की, चालीने केलेली दया ही खरी दया नव्हे. मूल आईच्या सांगण्यावरून जाते आणि त्याचे सारे लक्ष परत येणाऱ्या ताटात काय मिळते याकडे असते. हे मान्य आहे. पण मूल बोलावयास शिकते तेही आधी ऐकलेले शब्द उच्चारून, अर्थ मागाहून येतो. हातास वळण लागले म्हणजे मनास वाट सापडते. काडीची चाल मुलास विचारते, ‘आज तू काय चांगले केलेस?’ ताटाची चाल विचारते, ‘पलीकडच्या घरी आज कसे आहे?’ पहिल्या प्रश्नाने मूल स्वतःस ओळखते, दुसऱ्याने जगास; आणि पहिल्याचा अहंकार दुसऱ्याने धुऊन निघतो. म्हणून या दोन्ही चाली एकत्र पाळणारी घरे आम्हांस विशेष शहाणी वाटतात.

आमचे बहुतेक वाचक ख्रिस्ती नाहीत, आणि गव्हाण मांडण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे नाही. तथापि या चालीचा अर्धा भाग त्यांच्याच उंबऱ्यावर पुरा व्हावयाचा आहे. नाताळच्या दिवशी शेजारचे मूल ताट घेऊन दारी आले, तर ते मोठ्या माणसाने घाईने हातातून घेऊन आत ठेवू नये. आपल्याच मुलास पुढे करावे, त्याच्याच हातांनी ताट घ्यावे, आणि परत जाताना त्यात काय घालावयाचे हेही त्यालाच ठरवू द्यावे.